वि. स. खांडेकर

विष्णु सखाराम खांडेकर (११ जानेवारी १८९८, सांगली – २ सप्टेंबर १९७६, मिरज) हे मराठी कादंबरीकार, कथाकार, लघुनिबंधकार, समीक्षक आणि पटकथालेखक होते. 'ययाति' या कादंबरीसाठी त्यांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. हा सन्मान लाभलेले ते पहिले मराठी साहित्यिक होत. १९३८ पासून अखेरपर्यंत त्यांचे वास्तव्य कोल्हापुरात होते. कादंबरीकार म्हणून त्यांची ओळख सर्वपरिचित आहे. त्या मानाने नाटक आणि चित्रपट या लोकरंजनाच्या कलांशी असलेला त्यांचा संबंध दुर्लक्षित राहिला. वास्तविक त्यांच्या लेखनाची घडण, त्याचे बळ आणि त्याच्या मर्यादा या तिन्ही गोष्टी त्या संबंधाशी निगडित आहेत.

सांगलीतील बालपण आणि नाटकाचे वेड

खांडेकरांचे मूळ नाव गणेश आत्माराम खांडेकर. वडील आत्माराम हे सांगली संस्थानात मुनसफ होते. गणेश लहान असतानाच त्यांचे निधन झाले आणि घराला आर्थिक ओढगस्त आली. १९१६ मध्ये नात्यातील सखाराम खांडेकर यांनी त्यांना दत्तक घेतले. गणेश आत्मारामाचे विष्णु सखाराम झाले ते तेव्हापासून.

सांगली हे मराठी रंगभूमीचे माहेर. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' सादर केले ते याच गावी. गोविंद बल्लाळ देवल आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर या दोन थोर नाटककारांचे नातेही याच परिसराशी होते. अशा गावात वाढणाऱ्या मुलाला नाटकाचे वेड लागावे, हे स्वाभाविकच होते. गणेशने शाळकरी वयातच शनिमाहात्म्याच्या आधाराने एक नाटक लिहून पाहिले. त्या वयातील लेखनाला वाङ्मयीन मोल नसते, पण त्यातून ओढ कोणती होती हे कळते. कथा म्हणजे रंगमंचावर घडणारी, डोळ्यांना दिसणारी आणि कानांना ऐकू येणारी गोष्ट, ही समजूत त्यांच्या मनात पुस्तकांच्या आधी नाटकाने रुजवली.

१९१३ मध्ये मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे राम गणेश गडकरी यांचा सहवास त्यांना लाभला. ज्या नाटककाराच्या भाषेने तत्कालीन प्रेक्षक भारावून जात होता, त्याला जवळून पाहण्याची ही संधी होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना तर ते गुरुस्थानी मानत. कोल्हटकरांनी पारशी आणि उर्दू रंगभूमीवरील चाली मराठी संगीत नाटकात आणल्या होत्या आणि पौराणिक कथानकांऐवजी कल्पित, गुंतागुंतीची कथानके रूढ केली होती. या दोघांच्या कोटीबाज, कल्पनाप्रचुर शैलीचा ठसा खांडेकरांच्या गद्यावर कायमचा उमटला. पुढे त्यांनी गडकऱ्यांच्या व्यक्तित्वावर आणि वाङ्मयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मराठी नाटकाविषयीचे त्यांचे विवेचन 'मराठीचा नाट्यसंसार' या पुस्तकात आले आहे.

शिरोडे येथील शिक्षक

दत्तक गेल्यानंतर महाविद्यालयीन शिक्षण अर्ध्यावर सुटले. १९२० मध्ये त्यांनी शिरोडे (आता सिंधुदुर्ग जिल्हा) येथील इंग्रजी शाळेत शिक्षकाची नोकरी पत्करली आणि अठरा वर्षे तेथेच काढली. पगार तुटपुंजा, प्रकृती नाजूक आणि गाव आडबाजूचे. मात्र दारिद्र्य, जातिभेद आणि व्यसन यांनी पोखरलेले खेडे त्यांना येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. १९३० चा मिठाचा सत्याग्रहही त्यांनी याच गावी पाहिला. पुण्यात राहिलेल्या खांडेकरांकडून 'दोन ध्रुव' किंवा 'उल्का' लिहून झाली असती असे वाटत नाही.

शिरोड्याच्या आसपासच्या गावांतून जत्रेच्या रात्री दशावतारी नाटके होतात. संहिता लिहिलेली नाही, पदे आणि भाषणे नट आयत्या वेळी उभी करतो, आणि अक्षरशत्रू शेतकरी पहाटेपर्यंत बसून ती पाहतो. देशातील साक्षरतेचे प्रमाण १९३१ च्या जनगणनेनुसार दहा टक्क्यांहूनही कमी होते. छापलेली गोष्ट किती माणसांपर्यंत पोहोचते, हा प्रश्न त्या काळी शाळामास्तराइतका क्वचितच कोणाला बोचला असेल. चित्रपटाकडे पाहण्याचा खांडेकरांचा दृष्टिकोन समजून घेताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी लागते.

१९१९ पासून ते 'आदर्श' या टोपणनावाने समीक्षा आणि 'कुमार' या नावाने कविता लिहीत होते. पहिली कथा १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली. १९२८ मध्ये 'रंकाचे राज्य' हे नाटक आले आणि १९३० मध्ये 'हृदयाची हाक' ही पहिली कादंबरी. नाटकाच्या वेडाने लेखनाकडे वळलेल्या या लेखकाच्या नावावर एकच नाटक आहे. याचे कारण काही अंशी काळात सापडते. १९३२ मध्ये प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट कोल्हापुरात तयार झाला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत नाटकगृहे चित्रपटगृहे बनू लागली. नाटक कंपन्या कर्जात बुडाल्या, नट स्टुडिओकडे वळले. खांडेकरांच्या पिढीला नाटककार होण्यासाठी जी रंगभूमी हवी होती, तीच विस्कटली होती.

'छाया' आणि हंस पिक्चर्स

कोल्हापूर हे या नव्या धंद्याचे मोठे केंद्र होते. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने येथे मूकपटांचा पाया घातला. त्यांच्या 'सावकारी पाश' (१९२५) या मूकपटाची कथा हरि नारायण आपटे यांची होती. म्हणजे कादंबरीकाराची कथा पडद्यावर आणण्याची प्रथा कोल्हापुरात खांडेकरांच्या आधीच पडली होती. प्रभातचा जन्मही १९२९ मध्ये येथलाच. ती कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली, पण नट, तंत्रज्ञ आणि धडपडे दिग्दर्शक गावात उरले. त्यांच्यापैकी मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये हंस पिक्चर्सची स्थापना केली. विनायकांनी त्याआधी मामा वरेरकरांच्या कथेवर 'विलासी ईश्वर' (१९३५) दिग्दर्शित केला होता. चांगला चित्रपट चांगल्या साहित्यिकाच्या कथेतूनच निर्माण होईल, अशी त्यांची धारणा होती. तिला अनुसरूनच ते शिरोड्याच्या शिक्षकाकडे वळले.

'छाया' (१९३६) ही हंसची पहिली निर्मिती. आजारी पत्नीच्या औषधोपचारासाठी गुन्हा करणारा एक सामान्य माणूस आणि त्या कलंकाची छाया त्याच्या मुलांच्या आयुष्यावर कशी पडते, हा त्याचा विषय. देवदेवता, राजेरजवाडे आणि चमत्कार यांच्या गर्दीत ही कथा वेगळी होती. गुन्हेगार कोण, चोरी करणारा की त्याला चोरी करावयास लावणारी समाजरचना, असा प्रश्न ती प्रेक्षकापुढे ठेवत होती. स्वतः विनायक, बाबूराव पेंढारकर, लीला चिटणीस आणि रत्नप्रभा यांच्या त्यात भूमिका होत्या. उत्कृष्ट कथेबद्दल खांडेकरांना गोहर सुवर्णपदक मिळाले. शिरोड्याच्या पगारावर संसार रेटणाऱ्या लेखकाला या यशाने नवा मार्ग मोकळा झाला, आणि १९३८ मध्ये शाळा सोडून ते सहकुटुंब कोल्हापुरास आले.

'ज्वाला'चे अपयश

कोल्हापुरातील पहिल्याच वर्षी त्यांना लोकरंजनाचा दुसरा धडा मिळाला आणि तो कडू होता. हंसने 'ज्वाला' (१९३८) हा खांडेकरांच्या कथेवरील भव्य पोशाखी चित्रपट मोठ्या खर्चाने काढला. चंद्रमोहन या नामांकित नटाला त्यात घेतले होते. महत्त्वाकांक्षेने एका पराक्रमी सेनापतीचा होणारा अधःपात हा गंभीर विषय त्यात होता. प्रेक्षकांनी तो नाकारला आणि कंपनीला मोठा फटका बसला.

त्याच वर्षी त्याच कंपनीचा, त्याच दिग्दर्शकाचा 'ब्रह्मचारी' तुफान चालला. त्याचे लेखक होते प्रल्हाद केशव अत्रे. भाबड्या ब्रह्मचर्यव्रताची टर उडविणारा हा विनोदी चित्रपट मीनाक्षी शिरोडकर यांच्या पोहण्याच्या पोशाखातील गाण्यामुळे गाजला आणि त्यावर वादही झाले. हंसच्या एका हाताला खांडेकर होते आणि दुसऱ्या हाताला अत्रे. दोघेही शिक्षक, दोघेही समाजातील दोषांवर बोट ठेवणारे, पण अत्रे प्रेक्षकाला आधी हसवत आणि मग टोचत. खांडेकरांना प्रेक्षकाने आधी विचार करावा असे वाटे. चित्रपटगृहात पहिल्या पद्धतीला बाजी मारता येते, हे १९३८ ने दाखवून दिले. खांडेकरांनी मात्र या अनुभवानंतर विनोदाची वाट धरली नाही. 'देवता' (१९३९), 'सुखाचा शोध' (१९३९) आणि 'अमृत' (१९४१) या पुढच्या चित्रपटांतही त्यांचे विषय सामाजिकच राहिले. बदलली ती मांडणी. 'ज्वाला'तील काल्पनिक राज्य सोडून ते पुन्हा घरात आणि खेड्यात परतले. 'अमृत'मध्ये कोकणातील दलित कुटुंबाची व्यसनाने आणि पिळवणुकीने होणारी वाताहत आहे. ललिता पवार आणि बाबूराव पेंढारकर यांच्या त्यातील भूमिका नावाजल्या गेल्या. शिरोड्यात पाहिलेले जीवन त्यांना येथे उपयोगी पडले.

'सुखाचा शोध' ही एकाच वर्षी कादंबरीही होती आणि चित्रपटही. एकच कथा दोन माध्यमांत सांगण्याचा असा प्रयोग त्या काळच्या मराठीत विरळा होता. कादंबरीकार पात्राच्या मनात शिरून पाने भरू शकतो. पटकथेत मन दाखवावयाचे तर कृतीतून, चेहऱ्यातून किंवा संवादातून. वाचकाला मागचे पान उलटता येते, प्रेक्षकाला येत नाही. म्हणून पडद्यावरील कथेत कारण आणि परिणाम यांची साखळी उघड असावी लागते. खांडेकरांच्या चित्रपटकथांत ही साखळी घट्ट असते, पण संवाद पुष्कळदा पुस्तकी होतात. नटाच्या मुद्रेवर सोपवता आले असते ते काम ते वाक्यावर सोपवतात. हा दोष त्यांचा एकट्याचा नव्हे. रंगभूमीवरून आलेल्या त्या पिढीतील बहुतेक सर्व बोलपटलेखकांत तो आढळतो.

रंजनाविषयीची भूमिका

ज्या कोल्हापुरात खांडेकर आले, तेथेच राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक असलेले ना. सी. फडके राहत होते. कथालेखनाचे तंत्र शिकवणारा त्यांचा 'प्रतिभासाधन' हा ग्रंथ १९३१ मध्ये आला होता. वाचकाचे रंजन हे कथेचे पहिले आणि शेवटचे प्रयोजन, आणि कथानकाची गुंतागुंत व उकल ही त्याची साधने, असा फडके यांचा पक्ष होता. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद मराठीत या दोन नावांभोवती फिरला. १९४० चे साहित्य संमेलन फडके यांच्या अध्यक्षतेखाली रत्नागिरीस झाले, तर १९४१ चे खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सोलापुरास.

या वादात खांडेकर रंजनाच्या विरुद्ध होते, असे विद्यार्थी पुष्कळदा समजतात. ते बरोबर नाही. रंजनाला ते कथेचे आवश्यक अंग मानत, कारण कंटाळलेला वाचक काहीच स्वीकारत नाही. त्यांचा आक्षेप रंजनावर थांबण्याला होता. नाटक किंवा चित्रपट समाजाच्या सर्व थरांपर्यंत जातो, म्हणूनच त्याच्या कर्त्यावर जबाबदारी अधिक असते, अशी त्यांची भूमिका होती. नाटक-चित्रपटांना हलके समजून दूर राहणाऱ्या साहित्यिकांपैकी ते नव्हते, आणि धंद्याच्या नावाखाली काहीही चालते असे मानणाऱ्यांतलेही नव्हते. या दोन्ही बाजूंना ते गैरसोयीचे वाटले असल्यास नवल नाही.

कथेने किती लांब असावे, याविषयीही त्यांनी दुसऱ्या टोकाचा प्रयोग केला. चित्रपट हा पसरट, खर्चिक, अनेक हातांचा प्रकार. ज्या वर्षांत ते त्यासाठी लिहीत होते, त्याच वर्षांत त्यांनी रूपककथा हा अगदी आटोपशीर कथाप्रकार मराठीत रुजवला. खलील जिब्रानच्या लेखनाचे त्यांनी अनुवाद केले होते आणि तो प्रभाव रूपककथांवर दिसतो. एकीकडे दोन-अडीच तासांची पटकथा आणि दुसरीकडे पानाभरात संपणारी, झाडे, दगड, पक्षी यांच्याकरवी बोलणारी कथा. स्टुडिओतील कथाबैठकांनंतर अशा लेखनात त्यांना मोकळा श्वास मिळत असावा.

कादंबरीतील मौन

'क्रौंचवध' ही कादंबरी १९४२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतरची 'अश्रू' १९५४ ची. मधल्या बारा वर्षांत या लोकप्रिय कादंबरीकाराची एकही नवी कादंबरी आली नाही. कथा, निबंध, समीक्षा आणि चित्रपट एवढेच चालू होते. विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्ससाठी त्यांनी 'माझं बाळ' (१९४३) ची कथा लिहिली. १९ ऑगस्ट १९४७ रोजी मास्टर विनायक अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी वारले. खांडेकरांच्या कथांवर विश्वास ठेवून पैसे लावणारा आणि त्या समजून घेणारा दिग्दर्शक त्यांच्यासोबत गेला. त्यानंतरही 'अंतरीचा दिवा' (१९६०) सारखे चित्रपट खांडेकरांनी लिहिले, परंतु 'छाया'च्या वेळची जोडी पुन्हा जमली नाही.

चित्रपटाने खांडेकरांच्या कादंबरीचे नुकसान केले काय, या प्रश्नावर मतभेद आहेत. वेळ गेला हे खरे. महायुद्ध, फाळणी आणि स्वातंत्र्यानंतरचा भ्रमनिरास यांचाही त्या मौनात वाटा होता, हेही खरे, कारण ध्येयवादी नायकावर उभी असलेली त्यांची कादंबरी त्या काळात पूर्वीसारखी लिहिता येण्याजोगी राहिली नव्हती. 'अश्रू'चा नायक शंकर हा सामान्य शाळाशिक्षक आहे. 'उल्का'च्या काळातील तेजस्वी स्वप्नाळूपणा त्याच्यात नाही. प्रामाणिक राहण्याची किंमत मोजताना तो थकतो.

'ययाति'

'ययाति' (१९५९) मध्ये लोकरंजनाच्या परंपरेशी खांडेकरांचा जुना हिशेब पूर्ण होतो. कच-देवयानीची कथा मराठी प्रेक्षकाला ठाऊक झाली ती खाडिलकरांच्या 'विद्याहरण' (१९१३) या संगीत नाटकामुळे. सांगलीच्या मुलाला ही परंपरा परकी नव्हती. नाटक जेथे थांबते तेथून खांडेकरांची कथा खऱ्या अर्थाने सुरू होते. कच निघून गेल्यावर देवयानीचे काय झाले, ज्याच्याशी तिचा विवाह झाला तो राजा कसा होता, आणि दासी म्हणून आलेल्या शर्मिष्ठेने काय सोसले, हे त्यांचे विषय.

ही कादंबरी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या आत्मनिवेदनांतून उलगडते. रंगमंचावर एकेका पात्राने पुढे येऊन स्वगत बोलावे तशी ही रचना आहे. पण स्वगत बोलणारे पात्र प्रेक्षकाशी सहसा खोटे बोलत नाही, आणि येथे प्रत्येक पात्र स्वतःची बाजू सजवून सांगते. एकीची कैफियत वाचल्यावर दुसरीची वाचताना वाचकाचा निवाडा डळमळतो. हे साधताना त्यांना नाटकाचे संस्कार आणि कादंबरीची अंतर्मुखता दोन्ही उपयोगी पडली. अलंकारिक भाषा आणि सुभाषितवजा वाक्ये यांचा सोस येथेही सुटलेला नाही. समीक्षकांनी त्यावर वेळोवेळी टीका केली आहे, आणि ती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

महाभारतातील मूळ कथेत आपण कोणते बदल केले आणि का, हे त्यांनी कादंबरीला जोडलेल्या विवेचनात सांगितले आहे. कामाने आंधळ्या झालेल्या राजात त्यांना युद्धोत्तर काळातील सुखलोलुप माणूस दिसत होता. आपल्या पुस्तकांना दीर्घ प्रस्तावना लिहून वाचकाशी असा संवाद साधणे ही त्यांची सवयच होती. काहींना ती शिकवणी वाटते, परंतु कथा कशी घडते हे शिकू पाहणाऱ्याला त्या प्रस्तावना मूळ कादंबऱ्यांइतक्याच उपयुक्त आहेत.

सन्मान आणि अखेरची वर्षे

'ययाति'ला १९६० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९६७ मध्ये 'अमृतवेल' प्रसिद्ध झाली. १९६८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले आणि १९७० मध्ये साहित्य अकादमीने त्यांना अधिछात्रवृत्ती दिली. त्यांची पुस्तके गुजराती, हिंदी, तमिळ आणि इतर भारतीय भाषांत अनुवादित झाली. तमिळमध्ये तर का. श्री. श्रीनिवासाचार्य यांच्या अनुवादांमुळे त्यांना फार मोठा वाचकवर्ग लाभला.

शेवटच्या वर्षांत त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्णपणे गेली. आयुष्यभर दिसणाऱ्या गोष्टी लिहिलेल्या लेखकाला आता वाचून घ्यावे लागे आणि लेखन सांगून उतरवून घ्यावे लागे. तशाही स्थितीत काम थांबले नाही. 'एका पानाची कहाणी' हे आत्मचरित्र त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. १९९८ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात त्यांचे स्मृती संग्रहालय आहे.